पीव्हीएची धमनी: रेसिपी तीच, मग नळी दर खेपेला वेगळी का?

हिवाळ्यात केलेली नळी टणक, मे महिन्यातली लिबलिबीत. एका खेपेची अगदी हवी तशी निघते आणि पुढच्या खेपेची टोकाला धरली की मान टाकते. पीव्हीए तेच, पाणी तेच, टक्के तेच, फ्रीझरही तोच. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या (पीव्हीए) क्रायोजेलपासून, म्हणजे साच्यातलं द्रावण पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून केलेल्या जेलपासून, धमनीचं मॉडेल करणाऱ्या जवळपास सगळ्यांची ही तक्रार असते. विदर्भात तालुक्याच्या किंवा त्याहून आतल्या कॉलेजात बसून हे काम करणाऱ्यांची तर जरा जास्तच. बहुतेक जण आधी पीव्हीएचं प्रमाण वाढवून बघतात: दहा टक्क्यांचं बारा, बाराचं पंधरा. नळी कडक होते, पण खेपेखेपेतला फरक जिथल्या तिथंच राहतो.

आधी पीव्हीएचा ग्रेड तपासा. तो बरोबर असेल तर रेसिपीला हात लावू नका, साच्यातलं जेल किती वेळात वितळतं ते मोजा. दहातल्या आठ तक्रारींचं मूळ या दोन ठिकाणी सापडतं असं माझं मत आहे.

या फरकानं बिघडतं काय

नुसता सुई टोचायचा सराव असेल तर थोडं इकडंतिकडं चालून जातं. आमच्याकडं मात्र हा उद्योग सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापायी सुरू झाला. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून मेळघाटापर्यंत हा आजार नवा नाही. सिकलसेलच्या मुलांना लहानपणीच पक्षाघाताचा धोका असतो आणि तो आधी हेरायची रीत म्हणजे ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर. कानशिलावर प्रोब धरून मेंदूतल्या धमनीतला रक्ताचा वेग मोजायचा. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आला की धोका मोठा समजतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘स्टॉप’ चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला होता. एका आकड्यावर एवढं अवलंबून असल्यावर डॉप्लर करणाऱ्याचा हात बसलेला हवा. हात बसवायला वेग आधीच ठाऊक असलेली धमनी लागते. अरुंद झालेल्या धमनीत प्रवाह कसा वागतो हे अभ्यासायलाही तीच लागते.

आता हिशेब बघा. मेंदूतल्या मधल्या धमनीसाठी ३ मिमी आतला व्यास धरला आणि मध्ये १.५ मिमीचा घसा, म्हणजे अरुंद भाग, ठेवला. व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणजे वेग चौपट. आधी सेकंदाला ६० सेंटिमीटर असेल तर घशात २४०. पण नळी मऊ निघाली आणि दाबाखाली घसा ताणून १.८ मिमी झाला, तर तोच वेग १६७ वर येतो. एकाच साच्यातल्या दोन नळ्या, एक दोनशेच्या वर आणि एक खाली. विद्यार्थ्याचं काही चुकलेलं नसतं, पण ऐकून घ्यावं लागतं त्याला.

खाटकाकडून बोकडाची धमनी आणून भागत नाही का, असं हमखास विचारतात. भागतं, दोन दिवस. मग ती सडते, आणि दुसऱ्या बोकडाची पहिल्यासारखी नसतेच.

आधी ग्रेड

पीव्हीए या नावानं बाजारात काहीही मिळतं. सुताराच्या पांढऱ्या डिंकातला पॉलिव्हिनाइल अॅसिटेटही त्याच तीन अक्षरांनी विकला जातो, तो इथं बिनकामाचा. खरं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असलं तरी त्यात दोन जाती आहेत. एक अर्धवट हायड्रोलाइझ झालेलं, म्हणजे मूळ अॅसिटेटचे थोडे गट तसेच उरलेलं, साधारण ८७-८९ टक्क्यांचं. हे चिकटवायच्या कामांसाठी सर्रास वापरतात आणि स्वस्तही पडतं. दुसरं पूर्ण हायड्रोलाइझ झालेलं, ९९ टक्के किंवा जास्त. धमनीसाठी दुसरंच पाहिजे, तेही जास्त रेणुभाराचं, निदान लाखाच्या आसपास. पहिल्या जातीत साखळ्यांवर उरलेले अॅसिटेटचे गट साखळ्यांना एकमेकींना चिकटून बसू देत नाहीत. ते कितीही वेळा गोठवलं तरी खळीसारखं राहतं.

पुडक्यावर टक्केवारी लिहिलेली नसेल तर घरगुती चाचणी करा. गार पाण्याच्या ग्लासात चमचाभर पावडर ढवळा. अर्धवट हायड्रोलाइझ झालेली पावडर गार पाण्यातही हळूहळू विरघळायला लागते. पूर्ण हायड्रोलाइझ झालेली फुगते आणि तळाशी बसते, ८५-९० अंशांच्या पुढं नेल्याशिवाय नीट विरघळत नाही. पाणी मुद्दाम गार घ्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी गार समजून चाचणी केली तर निकाल काय यायचा!

द्रावण दहा टक्के, वजनानं. पाणी डिस्टिल्ड, नाही मिळालं तर बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड. बोअरचं पाणी नको. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, कित्येक गावांत फ्लोराइडही, आणि क्षारांनी गोठण्याचं तापमान हलतं. पाणी आधी गार असतानाच पावडर हळूहळू सोडा, मग वॉटर बाथवर ९०-९५ अंशांला दोनेक तास ढवळा. भांडं झाकलेलं आणि वजन केलेलं पाहिजे. शेवटी पुन्हा वजन करून उडालेलं पाणी भरून काढा. उघड्या बीकरमध्ये दोन तास तापवलं की दहाचं द्रावण कधी साडेअकराचं झालं ते कळतही नाही, आणि खेपेखेपेतल्या फरकाला हे एक छोटं कारण असतंच. ऑटोक्लेव्ह असेल तर झाकणाच्या बाटलीत १२१ अंशांवर विरघळवणं सगळ्यात सोपं, फक्त बूच थोडं सैल ठेवा.

खरी भानगड वितळण्यात

या जेलमध्ये जोडणारं रसायन काहीच नसतं. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक पीव्हीएच्या साखळ्यांना बाजूला सारतात आणि त्या फटींमध्ये दाटीवाटीनं जमतात. दाटीत त्यांची हायड्रोजन बंधं जुळतात, बारीक स्फटिकी गाठी पडतात, आणि त्या गाठीच जेलला धरून ठेवतात. गाठी पडायला साखळ्यांना थोडी हालचाल लागते. उणे २० ला त्या जवळजवळ थिजलेल्या असतात. शून्याच्या वर बर्फ वितळून दाटीच संपते. मधला पट्टा, शून्याच्या खालचे थोडे अंश, हाच कामाचा. नळी त्या पट्ट्यात जितकी जास्त वेळ राहील तितक्या गाठी जास्त आणि भिंत तितकी कडक. गोठवण्याच्या वेगानंही फरक पडतो, पण वितळण्याच्या वेगापुढं तो किरकोळ.

प्रयोगशाळांमधून मिनिटाला ०.१ अंश असा वितळण्याचा वेग ठेवतात. उणे २० पासून शून्यापर्यंत यायला त्या हिशेबानं तीन तास वीस मिनिटं लागतात. आता मे महिन्यातली आमची खोली धरा. बाहेर ४५, आत कूलर बंद असेल तर ४० च्या वर. टेबलावर ठेवलेला बोटाएवढ्या जाडीचा साचा अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण मोकळा होतो, पंख्याखाली त्याआधीच. जानेवारीत रात्री १० अंशांच्या खोलीत तोच साचा कितीतरी वेळ घेतो. कागदावर दोन्हीकडं ‘खोलीच्या तापमानाला वितळवा’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्या देशात ती कृती लिहिली गेली तिथं खोलीचं तापमान म्हणजे वर्षभर २०-२२. विदर्भात खोलीचं तापमान म्हणजे ऋतू.

उपाय खर्चिक नाही. जाड भिंतीची थर्माकोलची पेटी घ्या, लशीच्या किंवा मासळीच्या वाहतुकीची असते तशी. साचा फ्रीझरमध्ये उघड्या पेटीत गोठवा. गोठला की झाकण लावून पेटी तशीच उचला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४-५ अंशांत, रात्रभर ठेवा. खोलीत वितळवायचंच नाही. आणखी वेग कमी करायचा असेल तर पेटीत साच्याच्या दोन्ही अंगाला गोठलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

एकदा गोठवणं आणि एकदा वितळवणं म्हणजे एक फेरी. अशा फेऱ्या किती? सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्यांत कडकपणा झपाट्यानं वाढतो, पुढं वाढ मंदावते. १९९७ मध्ये कॅनडात चू आणि रट यांनी एमआरआयमध्ये धमनीचा प्रवाह आणि लवचिकपणा अभ्यासायला हे जेल वापरून दाखवलं, तेव्हापासून फेऱ्यांची संख्या बदलून हवा तसा कडकपणा मिळवायची पद्धत रूढ आहे. पण प्रत्येक फेरीचा वेग सारखा नसेल तर ‘पाच फेऱ्यांची नळी’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

रात्रीची लाईन

दुसरं दुखणं विजेचं. रात्री लाईट जाते, दोन-तीन तासांनी येते, सकाळी फ्रीझर उघडला तर सगळं दगडासारखं. आमच्याकडं रात्री लक्ष ठेवणारे मामा अगदी प्रामाणिकपणे सांगतात, “लाईन गेल्ती जी रातीच्याला, पण सकाळी तं बर्फाचा बर्फच होता.” खरंच असतो. मधल्या वेळात साचा उणे २० वरून उणे ३ पर्यंत चढून परत उतरलेला असतो, म्हणजे नेमका गाठी पडायच्या पट्ट्यात जाऊन आलेला. तुमच्या वहीत ती एक फेरी, जेलच्या लेखी दीड. एरवी मऊ येणारी नळी एखाद्या खेपेला एकदम कडक निघाली की आधी हीच शंका घ्या.

गोठलेल्या पाण्यावर नाणं ठेवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे: नाणं आत गेलेलं दिसलं की बर्फ वितळला होता. आपल्याला ती पुरत नाही, कारण आपलं नुकसान शून्याच्या खालीच होतं आणि तिथं नाणं जागचं हलत नाही. फ्रीझरच्या दारावरचा आकडाही उपयोगाचा नाही, तो हवेचा असतो. एक जादा साचा त्याच द्रावणानं भरा आणि त्यात तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर बुडवून आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर दर मिनिटाला तापमान नोंदवा. तेवढी जुळवाजुळव नको असेल तर किमान-कमाल लक्षात ठेवणारं तारेचं डिजिटल थर्मामीटर घ्या. आलेखावर रात्री दोनला कुबड दिसलं की वादच मिटतो.

घरगुती इन्व्हर्टरवर डीप फ्रीझर टाकायचा मोह होतो. कॉम्प्रेसर सुरू होताना इतका करंट ओढतो की लहान इन्व्हर्टर अनेकदा ट्रिप होतो, म्हणून त्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा फ्रीझरच्या रिकाम्या जागेत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. साध्या पाण्याचा बर्फ इथं चालत नाही, हा मुद्दा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. साधा बर्फ शून्यालाच वितळतो, तोवर तो थंडी म्हणावी तशी धरून ठेवत नाही आणि आपला साचा केव्हाच पट्ट्यात शिरलेला असतो. लिटरभर पाण्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम मीठ घातलं तर ते पाणी साधारण उणे ६-७ ला गोठायला लागतं आणि उणे २० पर्यंत थोडं थोडं गोठत जातं. वीज गेल्यावर तेच उलटं होतं. बाटल्या उणे २० पासूनच वितळायला सुरुवात करतात आणि उणे ७ पर्यंत येणारी उष्णता शोषत राहतात. मीठ जास्त घालून फायदा नाही. वीस टक्क्यांचं पाणी उणे २० च्या फ्रीझरमध्ये जेमतेम गोठतं, मग वितळायला उरतं काय? बाटली पाऊणच भरा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा कप्पा शक्यतो टाळा. साचलेला बर्फ घालवायला तो अधूनमधून स्वतःच गरम होतो. वरून दार उघडणारा साधा डीप फ्रीझर बरा. आणि आरोग्य केंद्रातला लशीचा किंवा आइसपॅकचा फ्रीझर मागू नका, दिला तरी घेऊ नका.

भिंत एका बाजूला जाड, फुगे, चीर

हे पटकन उरकतो, कारण यात गूढ काही नाही. साचा आडवा ठेवला की आतली, नळीची पोकळी राखणारी सळी खाली झुकते आणि भिंत वर जाड, खाली पातळ होते. शिवाय फ्रीझरच्या तळाला टेकलेली बाजू आधी गोठते. साचा उभा ठेवा, दोन्ही टोकांना सळी मध्यावर धरणारी बुचं बसवा. वर थोडी जागा मोकळी सोडा, गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि जागा नसेल तर नळीला नाहीतर साच्याला चीर जाते. सरळ नळीला टिग वेल्डिंगची स्टीलची फिलर सळी उत्तम, १.६, २.४ आणि ३.२ मिमीत मिळते. आधी बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा.

घसा असलेल्या नळीत एक अख्खी सळी चालणार नाही, बाहेरच निघायची नाही. लेथवाल्याकडून दोन तुकडे करून घ्या, प्रत्येक घशाकडं निमुळता, आणि घशात एकमेकांना भिडणारे. एकाच्या टोकाला बारीक खुंटी, दुसऱ्याला भोक, म्हणजे सांधा सरकत नाही. सांधा केसभर सरकला तरी आत पायरी तयार होते आणि डॉप्लरमध्ये भलताच गोंधळ दिसतो. तिसऱ्या फेरीआधी सळी काढू नका. काढताना साचा पाण्यात बुडवून सळी गोल फिरवत ओढा.

फुगे ढवळण्यातून येतात. द्रावण झाकून गरम ओव्हनमध्ये तासभर ठेवलं की बहुतेक वर येतात. साच्यात सिरिंजनं खालून वर भरा. उघडं ठेवून गार केलं तर वर साय धरते, ती आत ढवळली की गुठळ्या होतात.

अल्ट्रासाउंडसाठी भिंत दिसायला हवी असेल तर एक टक्का सेल्युलोज पावडर पुरते. फार्मसीच्या लॅबमध्ये गोळ्यांसाठी एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) असतंच. नळीचं खालचं टोक जास्त पांढरं दिसत असेल तर पावडर तळाशी बसलीय. द्रावण चाळीसेक अंशांपर्यंत गार, दाट होऊ द्या, मग पावडर मिसळा आणि लगेच गोठवायला ठेवा.

नळी चांगली, तरी आकडे हलतात

मग दोष बहुधा आतून वाहणाऱ्या द्रवाचा. रक्ताऐवजी ग्लिसरीन आणि पाणी वापरतात. वजनानं ४० टक्के ग्लिसरीनच्या मिश्रणाची दाटता (व्हिस्कॉसिटी) २० अंशांना सुमारे ३.७ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ती २.१ वर येते. म्हणजे सकाळी रक्ताच्या जवळचं असलेलं मिश्रण दुपारी जवळजवळ निम्मं पातळ. टाकीचं तापमान मोजून लिहा, किंवा थेट एकाच तापमानाला धरा.

ग्लिसरीन आणखी एक खोडी करतं: जेलमधलं पाणी ओढून घेतं. साध्या पाण्यात ठेवलेली नळी थेट ग्लिसरीनच्या प्रवाहाला जोडली की मोजमाप चालू असतानाच ती आकसते आणि कडक होत जाते. मोजायच्या दोन दिवस आधीपासून नळी त्याच मिश्रणात भिजत ठेवा. पावसाळ्यात या भांड्यात बुरशी येते. पोटॅशियम सॉर्बेट टाका, भांडं फ्रिजमध्ये ठेवा. सोडियम अॅझाइड सुचवणारे भेटतील, पण ते विषारी आहे आणि शिशाच्या किंवा तांब्याच्या नळातून सोडलं तर तिथं स्फोटक संयुगं साचतात. शिकाऊ मुलांच्या हाताखाली मी ते ठेवणार नाही.

जोडावर गळत असेल तर केबल टाय काढून फेका, ती जेल कापते. टोकावर टेफ्लॉन टेप, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी गुंडाळा. दाब पसरतो, गळती थांबते.

मोजायच्या आधी

ताण मोजायचं यंत्र नसलं तरी सलाइनचा स्टँड आणि मापाची टेप पुरते. पाऱ्याचा १ मिमी म्हणजे पाण्याचे १३.६ मिमी. बाटलीतल्या पाण्याची पातळी नळीच्या वर १०९ सेंटिमीटरवर ठेवली की ८० मिमीचा दाब, १६३ सेंटिमीटरवर १२०. दोन्ही उंचींना पारदर्शक पट्टी शेजारी ठेवून मोबाइलनं फोटो काढा आणि व्यास मोजा. मोठी सरळ नळी मानेतल्या कॅरॉटिड धमनीसाठी करत असाल तर तरुण माणसात हा फरक साधारण ५ ते १० टक्के असतो. सगळ्या खेपा त्याच पट्ट्यात आल्या पाहिजेत. मोजणी दर वेळी एकाच तापमानाला करा. नळ्या गाडीतून न्यायच्या असतील तर थर्माकोलच्या पेटीतून न्या. उन्हात उभ्या बंद गाडीत हे जेल सैल पडतं.

घशाच्या नळीत अल्ट्रासाउंडनं घशाचा व्यास १२० च्या दाबाखाली बघा. १.५ चा घसा १.६ पर्यंत ताणला तरी साठचा वेग २११ पर्यंत जातो, नळी चालेल. त्याच्या पुढं ताणला तर ती डॉप्लरच्या टेबलावर ठेवू नका, नर्सिंगच्या मुलींना सुई टोचायच्या सरावाला देऊन टाका. त्यांना घशाशी देणंघेणं नसतं.